अक्षरजुळणी, मोबाईलवर

पातूरच्या माया इंगळेला कुणी ‘हे तुझ्याच्यानं होणार नाही’ म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजावं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तसं म्हटलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. आज अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्या मशीनवरून जातात.

तिची एक सवय गावाला ठाऊक होती. शिवून उरलेली चिंदी ती ठेवून घेत नसे. जिचं कापड, तिच्या पिशवीत घडी घालून परत. बाकीचे शिंपी हसायचे. “तिचं तिच्यापाशी असलं म्हंजे मले झोप लागते,” ती म्हणायची.

तर ही माया पुस्तक करायला निघाली. छप्पन्न साली पातूर भागातून धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेलेल्या माणसांच्या, नावानिशी हकिकती. घरटी एक पान, अशी एकसष्ट घरं. त्या माणसांपैकी आता एकटे श्रावणबाबा उरले होते, वय अठ्ठ्याऐंशी. दर रविवारी विहारात ते विचारायचे, “माया, मी हाओ तोवर होते काय वं तुहं बुक?” बुद्धपौर्णिमेला हातात देते, असा शब्द तिनं देऊन टाकला होता.

फोन मशीनच्या कडेला उभा. पाय थांबला की उजव्या अंगठ्यानं चार ओळी लिहायच्या. पान पुरं झालं की मेसेजनं त्याच घरी धाडायचं, नाव-नातं चुकलं असलं तर सांगा म्हणून.

फेब्रुवारीत ती अकोल्याला छापखान्यात गेली. मालक शेषराव चष्म्यावरून बघत म्हणाले, “कॉम्प्युटर हाय तुमच्याकडं?”

“नाही.”

“मंग कोणाचा तरी पाहा. मोबाईलवर पुस्तक होत नसते, ताई. ते पोराईचं खेळणं हाय.”

“काहून नाही होत?”

शेषरावांनी त्या ‘काहून’वर चहा मागवला. पुण्याचा भाचा धम्मदीप फोनवर तेच म्हणाला, “मावशी, माझा जुना लॅपटॉप पाठवतो. त्याशिवाय जमायचं नाही.”

“तुहा लॅपटॉप तुह्यापाशी ठेव.”

हा हट्ट होता का? होता, चांगला चिवट हट्ट होता. पण माणसाकडे जे आहे त्याला नाक मुरडायचं आणि जे नाही ते आधी आण म्हणायचं, हा खेळ मायानं जन्मभर पाहिला होता. शाळेत तिला बूट नाहीत म्हणून झेंडावंदनाला मागच्या रांगेत उभं केलं होतं. पाय तिला होतेच की! तिनं घरातल्या एका पुस्तकाला टेप लावला: साडेपाच इंच बाय साडेआठ. तेवढंच पान फोनमध्ये आखलं आणि पुढं लिहायला बसली.

एप्रिलमध्ये आमच्याकडे कूलर म्हणजे घरातलं माणूस. दिवसातून तीनदा पाणी पाजावं लागतं. एका दुपारी माया बादली घेऊन वाकली आणि कमरेला खोचलेला फोन कूलरच्या टाकीत गेला. दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवली. दुसरीकडे काहीच साठवलेलं नव्हतं. एकसष्ट पानं गेली. बुद्धपौर्णिमेला तीन आठवडे होते.

शेजारच्या फोनवरून धम्मदीपला कळवलं, तर तो म्हणाला, “म्हणूनच म्हणत होतो, कॉम्प्युटर लागतो.” तिनं फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून पोटभर रडली. श्रावणबाबांना काय तोंड दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

संध्याकाळी रागिणी ब्लाऊज न्यायला आली. मायानं सवयीनं चिंदीची घडी तिच्या पिशवीत टाकली आणि तिचा हात तिथंच थांबला.

“रागिणी, तुह्या आजेसासऱ्याचं पान तुह्या फोनात हाय काय?”

“हाय ना! सासूबाई रोज वाचून घेतात.”

माया अशी हसली, की रागिणीला वाटलं उन्हानं हिचं डोकं फिरलं.

जुनं सिम एका वापरलेल्या फोनात घालून तिनं घरोघरी निरोप दिला: तुमचं पान परत धाडा. आठ दिवसांत साठ पानं आली. नाही आलं ते श्रावणबाबांचंच. त्यांची नातसून ज्योत्स्ना हिनं फोन भरला म्हणून ते पुसून टाकलं होतं.

माया बाबांच्या खाटेपाशी जाऊन बसली. “बाबा, पुन्हा सांगा.”

म्हातारा म्हणाला, “मागच्या वक्ती मी खोटं बोललो वं. दीक्षेच्या वक्ती माह्या अंगात पांढरा सदरा होता म्हनलं. नव्हता. मी अन् संगतीचा डोमाजी, दोघाईत एक सदरा. त्यानं घातला. मी मायचं पांढरं फडकं अंगावर घेऊन बसलो.”

“तवा काहून नाही सांगतलं?”

“लाज वाटली. आता काहाची लाज? लिही!”

सारी पानं पुन्हा त्याच मापात बसवून झाली, आणि पुस्तक पातूरच्या बस स्टँडवरून, रेंज तिथं चांगली म्हणून, फोनमधूनच अकोल्याला गेलं. शेषरावांनी पानं मोजली, माप ताडून पाहिलं, आणि त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना. पण छपाईआधीचा नमुना आला, तेव्हा पहिल्या पानावर ‘अक्षरजुळणी’पुढं छापखान्याचं नाव होतं. मायानं लगेच फोन लावला.

“पद्धत हाय ताई तशी,” शेषराव म्हणाले.

“मंग नवी पद्धत पाडा. मी सांगतो तसं छापा, नाही तं छापूच नका.”

शेषरावांनी निमूट छापलं.

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात तिनं पुस्तक श्रावणबाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. “कुठं हाओ मी?” त्यांनी विचारलं. मायानं त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. ते तिथं बराच वेळ तसंच राहिलं.

“आता पयलं पान वाच.”

तिनं वाचलं, “अक्षरजुळणी, मोबाईलवर: माया इंगळे, पातूर.”

“म्हंजे?”

“म्हंजे सारं मीच लिवलं, बाबा. या अंगठ्यानं.”

बाबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. सहीच्या जागी तो टेकवताना कचेऱ्यांमधले बाबू जन्मभर हसले होते. “आण इकडं,” ते म्हणाले आणि सुया टोचून खरबरीत झालेला मायाचा अंगठा धरून त्यांनी आपल्या कपाळाला लावला.