दिव्याच्या हुकमात माझं डोकं

बायकोला जाऊन अजून वर्ष झालं न्हाई. शाळा माझी चौथीपर्यंत, लिहायची सवय न्हाई. पण हे लिहिल्याशिवाय चैन पडंना.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कुंभार पिंपळगावचा बाजार करून आम्ही दोघं एस्टीनं गावाकडं निघालो होतो. ती खिडकीशी बसलेली. दिवस कलला होता, रस्त्याच्या कडेनं लिंबाची झाडं. तिच्या तोंडावर ऊन-सावली, ऊन-सावली झपझप पळत होती. एकदम तिची मान माझ्या खांद्यावर पडली, हाताला झटके आले. लोकांनी कांदा फोडला, चप्पल हुंगवली. एकादशीचा उपास होता, सकाळपासून पोटात नुसता चहा, हे कुणी इचारलं न्हाई.

घरी थोरल्या भावानं निकाल दिला. "मिरगी हाय. डोकं बिघडलंय तिचं. माहेरी धाडून दे, दुसरी बघू."

घरात त्याचा शब्द चालायचा. मी एवढंच म्हणालो, "आधी जालन्याच्या डॉक्टरला दाखवतो. मंग बघू."

डॉक्टरनं डोक्याची पट्टी काढायला सांगितली, म्हणजे डोक्याला वायरी लावून आतल्या हालचालीच्या रेघा कागदावर उतरवायच्या. शहरात जायचं म्हणून तिनं वाटीभर खोबरेल चोपडून घट्ट वेणी घातली होती. आमच्यात बाई तशीच बाहेर पडते. मशीनवाला वैतागला. "अहो बाई, ह्या तेलावर वायरी चिकटणार कशा? केस धुऊन या."

दवाखान्यामागं नळ होता. कपड्याच्या साबणानं मीच तिचे केस धुतले, चारचौघांदेखत.

"आवो, लोक बघून राह्यले."

"बघू दे. फुकट हाय."

आत वायरींचा गुंता बघून ती भिंतीला चिकटली. "शॉक देतेत. मी न्हाई बसत." मी टोपी काढली, म्हणालो, "आधी मला लावा." माझं डोकं कधी साधं दुखलंसुद्धा न्हाई. मशीनवाला हसला, पण लावल्या. डोळे मिटायला सांगून तोंडासमोर एक दिवा लपक-लपक करायला लागला. मिटल्या पापण्यांच्या आत लाल जाळ्या फिरायला लागल्या.

मंग त्यानं कागद दाखवला. मी बघतच राह्यलो. आधी रेघा आपल्या चालीनं चालल्या होत्या. दिवा सुरू झाला तशा त्या दिव्याबराबर उड्या मारायला लागल्या. दिवा जल्दी तर रेघाही जल्दी. मी तर गप पडून होतो! मला बिलकुल न इचारता माझं डोकं त्या दिव्याचा हुकूम पाळत होतं.

"मी बी बिघडलो काय?"

"छे हो. चांगल्या माणसाचंही असंच होतं. कुणाच्या रेघा जास्त नाचतात, कुणाच्या कमी."

तिच्या रेघा जराशाच हालल्या. डॉक्टर म्हणाले, "पट्टी साफ आहे. उपाशी पोटी चक्कर आली असणार. पुन्हा झालं तर या."

दोन्ही कागद मागून घेतले आणि घरी भावापुढं अंथरले. "दादा, ह्यातलं बिघडलेलं डोकं कोणतं, सांग."

त्यानं चष्मा लावला, पार वाकून बघितलं आणि एका कागदावर बोट आपटलं. "हे. बघ कसं थयथय नाचून राह्यलं."

"ते माझं हाय."

चुलीपुढं वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "मंग भाऊजींनाच धाडा की माहेरी!"

पदराआड माझी बायको हसली. एस्टीतल्या त्या दिवसापासून तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं. भाऊ चष्मा काढून शेताकडं निघून गेला. माहेरी धाडायची गोष्ट परत त्याच्या तोंडून निघाली न्हाई.

पुढं तिला कधी तसं झालं न्हाई. उपास सोडले न्हाईत, एस्टीतली ऊन-सावलीची खिडकी तेवढी सोडली.

ह्या घरातून ती निघाली ती थेट तिरडीवरच. न्हाऊ घालायला बायका जमल्या, तेव्हा मी म्हणालो, "केस मी धुणार." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, कुजबुजल्या. तेवढ्यात ओसरीवरून भाऊच ओरडला, "धुऊ द्या त्याला."