बॅटरीला लागलेला हात

ऐंशी सालानंतर लग्न होऊन मी गुंदजवळच्या ह्या वाडीत आले तेव्हा घरात वीज नव्हती, पण विजेची ऐट भरपूर होती. जवळच्या धरणावरच्या विजेच्या तारा डोंगरावरून जायच्या, त्या आमच्यासाठी नव्हत्या. आमचे हे लग्नकार्याला माईक सेट भाड्यानं देत. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि ट्रकची जुनी बॅटरी. बॅटरी उतरली की बसच्या टपावर घालून रामनगरच्या गॅरेजात न्यायची, भरून झाली की परत आणायची. घरापासून फाट्यापर्यंत ते धोंड्यासारखं ओझं माझ्या डोक्यावर असे. माझ्या एकूण एक साडीला ॲसिडची भोकं पडली होती.

ह्या येरझाऱ्यांना कंटाळून ह्यांनी एक चाक तयार केलं. सायकलची रिम, तिच्यावर फुटक्या स्पीकरमधली चुंबकं, समोर तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक ट्रान्झिस्टर. एका बॅटरीवर चाक फिरायचं, आणि चुंबक वेटोळ्यासमोरून गेलं की जो झटका उठे तो दुसऱ्या बॅटरीत जाऊन ती भरायची. निदान ह्यांचं म्हणणं तसं होतं. मीटरचा काटा तेरा व्होल्टवर गेला तेव्हा हे सोप्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "रामनगर बंद आता!" खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. माझी मान सुटणार होती.

पुढच्याच लग्नात, कॅसलरॉकला, दुसऱ्या मंगलाष्टकाला कर्णा घरघरला आणि गप्प झाला. भटजींचं नुसतं तोंड हलत होतं आणि वऱ्हाड हसत होतं. घरी येऊन हे न जेवता निजले.

सकाळपासून दोष शोधणं सुरू झालं. ह्यांची पद्धत शिस्तीची होती, ते मी मानते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चाक फिरवायचं, काटा बघायचा. ट्रान्झिस्टर तापतोय म्हणून बेळगावहून मोठा आणला. सगळे जोड उकलून पुन्हा झाळले. एक चुंबक उलटं चिकटलं होतं, ते सुलटं केलं. वेटोळं चाकाच्या इतकं जवळ आणलं की मधून पोस्टकार्ड जेमतेम सरकावं. दर वेळी काटा तेरावर, आणि दर वेळी लग्नात कर्णा मुका. घरीच कर्णा लावून बघा म्हटलं तर म्हणत, "भरलेली बॅटरी उगंच कशाला उतरवू?"

रामनगरचा गॅरेजवाला काट्याकडे बघतसुद्धा नसे. हेडलाईटचा बल्ब बॅटरीला लावून, उजेड टिकतोय का ते बघत तो थोडा वेळ नुसता उभा राही. मी तेवढंच सुचवलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? काटा खोटं बोलालाय व्हय?"

काटा खोटं बोलत नव्हता. मागायला कोणी आलं नाही तोवर कुठलंही घर भरलेलंच दिसतं. पण हे मी मनातच ठेवलं, कारण त्या दिवसांत ह्यांच्या नाकावर राग असे.

बदलायला काही उरलं नाही तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून बोलल्या, "बॅटरीत पाणी कोण घालतंय? हीच की. त्या चार दिसांत बी हात लावलीया. लक्ष्मी हाय ती, खंडेनवमीला पुजलीया आमी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी बाहेर बसले होते तेव्हा 'हे सगळं खुळ्यांचं हाय' म्हणून हाताला धरून मला आत घेणारा हा माणूस. आता हसतील, म्हणून मी वाट बघत राहिले. ह्यांनी पक्कड खाली ठेवली.

"असंल. बाकी समदं बदलून झालंय."

त्या शब्दांचा आला तितका राग मला आयुष्यात कशाचा आला नाही. ह्यांच्या सर्किटात न तपासलेली अशी एक मीच उरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मला चाक-बॅटरीच्या खोलीत मज्जाव झाला. पाणवठ्यावर बायका बोलताबोलता थांबू लागल्या. मला माफी नको होती. दोष चाकात आहे, हिच्यात नाही, एवढं ह्यांनी चारचौघांत एकदा म्हणावं, इतकीच माझी मागणी होती.

पुढच्या खेपेला मी आत्तींच्या हुकमानं पडवीत बसले. ते चार दिवस हे एकटेच बॅटरी भरत होते. काटा तेराच्याही किंचित वर गेला. शेजारीपाजारी जमले. आत्तींनी बॅटरीपुढे नारळ फोडला आणि हे म्हणाले, "बघा, हात न्हाई लागला तर कशी भरालीया!"

"बल्ब लावा," मी पडवीतून म्हटलं.

कोणी वळूनही बघितलं नाही. शेजारच्या काकूंना म्हटलं, "तुमी तरी लावा." त्यांनी पदर सावरला आणि त्या मागे सरकल्या. आत्तींनी तर कानच बंद करून घेतले.

शेवटी मीच उठले. त्या अवस्थेत, सगळ्यांच्या मधून, कोणी ओरडायच्या आधी आत शिरले. अवजारांच्या डब्यातला जुना हेडलाईटचा बल्ब घेतला आणि त्याच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या बोंडांवर टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला. मी वायरी तशाच दाबून धरल्या. मग उजेड पिवळा झाला, तांबडा झाला, आणि आतली तार विझत्या उदबत्तीसारखी उरली. मीटरचा काटा खाली येताना सगळ्यांनी बघितला.

आता तरी हे दोष चाकाचा म्हणतील, असं मला वाटलं. ह्यांनी बल्बकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि लोकांकडे वळले.

"बघितलासा न्हवं?" ते म्हणाले. "हात लागला आणि गेली."