न्हाणीतली जाळी

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. सगळी नोकरी बालवाडीत गेली, त्यामुळे समोरचा चाळिशीचा असो की साठीचा, हात वर केल्याशिवाय त्यानं बोलू नये असं मला अजून वाटतं. शुक्रवार पेठेत माझं छोटं दुमजली घर आहे. खाली मी एकटी राहते, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देते. भाडेकरू ठेवताना मी काय काय बजावते ते सगळ्या बोळाला पाठ आहे. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, जिन्यात चपला काढायच्या नाहीत, नळाला पाणी येईल त्या दिवशी आधी खालची टाकी, मग वरची. हे सगळं करारनाम्यात लिहून घेते. गॅसबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती. सिलिंडर त्यांचा, शेगडी त्यांची, मग माझा काय संबंध, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी वर कानडी मुलखाला लागून असलेल्या दुधनीकडचं एक जोडपं राहायला आलं. तो मार्केट यार्डात आडत्याकडं कामाला, उजाडायच्या आत बाहेर पडायचा. ती विशीतली, किडकिडीत, नवऱ्याशी कन्नड बोलायची आणि माझ्याशी मराठी. आठवडाभरातच मला अव्वा म्हणायला लागली. कन्नडमध्ये आईला अव्वा म्हणतात एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "बाई म्हण. सगळी पेठ मला बाई म्हणते." तर म्हणाली, "व्हय की, अव्वा." आता अशा पोरीशी काय भांडणार?

पुढं तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण हिची आई ही शाळेत असतानाच गेलेली. सासू अंथरुणाला खिळलेली. एक दिवस जिन्यात बसून मुसमुसताना दिसली, तेव्हा मी खेकसले, "तोंड पुस आधी. बाळंतपण इथंच होईल, मी आहे की." बोलून गेले आणि मग मलाच धास्ती पडली. मला मूलबाळ नाही. बाळंतपण पाहिलं ते एकदाच, धाकट्या भावाच्या वेळी, आईचं. तेव्हा मी दहा वर्षांची होते. पण आमच्या आजीनं काय काय केलं होतं ते मला अगदी लख्ख आठवत होतं, आणि त्यातलं एकही मी सोडणार नव्हते.

डिंक आणला, खारीक आणली, अळीव, शेपा, ओवा सगळं आणलं. बाळंतिणीला कढत पाणी पाहिजे, आणि बाळंतपण येत होतं संक्रांतीच्या थंडीत. वरचं वायरिंग जुनं, विजेचा गिझर त्याला पेलत नव्हता. म्हणून गॅसचा गिझर घेतला. बसवायला आलेला माणूस न्हाणी बघून म्हणाला, "मावशी, हा आत नको. गॅलरीत लावू, नळ तेवढा आत घेऊ."

"गॅलरीत धुळीनं माखेल, आणि रस्त्यावरनं दिसतो की," मी म्हटलं.

"दिसू द्या. आत धोका असतो."

"मला शिकवू नका. सांगते तिथं लावा."

त्यानं आत लावला. जाताना मात्र वरच्या जाळीकडं बोट करून दोनदा बजावलं, "ही जाळी कधी बंद करू नका. कधीच." मी बरं बरं म्हणून त्याला वाटेला लावलं.

मुलगी झाली. गुबगुबीत, काळ्याभोर जावळाची. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. त्याच दिवशी मी न्हाणीत गेले तर जाळीतनं असा गार वारा येत होता की माझंच अंग शहारलं. बाळंतिणीला वारं लागता कामा नये. वारं लागलं की जन्माचं दुखणं मागं लागतं, हे आजीचं वाक्य मी दहाव्या वर्षापासून सांभाळून ठेवलं होतं. मी खाली गेले, एक जुनी चादर आणली, स्टुलावर चढले आणि ती चादर त्या जाळीत कोंबली. दाराच्या फटीतही चिंध्या घातल्या. खाली उतरून हात फिरवून बघितला, वाऱ्याचा मागमूस नव्हता. मला लई समाधान वाटलं.

मग रोजचा क्रम ठरला. सकाळी मी तिच्या अंगाला तेल लावायची, ती न्हाणीत जायची, आणि मी बाहेर बाळाला घेऊन बसायची. बाळाची नाळ पडायची होती म्हणून तिला खोलीतच कोमट पाण्यानं पुसत होते. आईला मात्र बजावलं होतं, "घाई करायची नाही. गिझर चालू ठेव, अंग चांगलं शेकून निघू दे."

दोन दिवसांनी ती म्हणाली, "अव्वा, न्हाऊन आलं की डोस्कं लई दुखतंय."

मी म्हटलं, "बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. लाडू खा."

पुढं म्हणाली, मळमळतंय, गरगरतंय. मी आणखी एक लाडू दिला. तिनं "साकु, अव्वा, साकु" म्हणून हात आडवा धरला. साकु म्हणजे पुरे. मी डोळे वटारले, तिनं खाल्ला. उलटी झाली तेव्हाही मी तिलाच बोलले, पथ्य मोडलं असशील म्हणून.

दहावा दिवस उजाडला, आदल्या रात्रीच नाळ पडली होती. मी ठरवलं होतं, आज आई न्हाऊन आली की बाळाला घेऊन मी आत जाणार, पाटावर बसून तिला पायांवर घेऊन रीतसर न्हाऊ घालणार. पदर खोचून, बाळाला दुपट्यात गुंडाळून मी न्हाणीबाहेर बसले होते. आतून पाण्याचा आवाज येत होता. ती न्हाताना काहीबाही बोलत राहायची, बाळाला हाका मारायची. त्या दिवशी आवाज नव्हता. मी हाक मारली. ओ नाही. "अगं, झोपलीस की काय?" म्हटलं. नुसतं पाणी.

बाळंतिणीनं आतनं कडी लावायची नाही, हेही आजीचंच सांगणं होतं. तेवढं नशीब. मी बाळाला गादीवर ठेवून दार ढकललं. ती भिंतीला कलंडून पडली होती, मान छातीवर, अंगावर पाण्याची धार चालूच. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ओढता ओढता माझ्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. उंबऱ्याबाहेर तिला कशी काढली ते मला आजही सांगता येणार नाही. मी खिडकीतून ओरडले, बोळातला रिक्षावाला धावत वर आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला ऑक्सिजन लावला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "घरी गॅसचा गिझर आहे?"

"आहे."

"हवा जायला जागा?"

"जाळी आहे."

"उघडी होती?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी समजावून सांगितलं. बंद जागेत गिझर जळत राहिला की विषारी वायू तयार होतो. माणूस बसल्या जागी गुंगतो आणि उठत नाही. मी म्हटलं, "वास तरी यायला पाहिजे होता." त्या म्हणाल्या, "सिलिंडर गळला तर वास येतो. याला वास नसतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती हाती लागली नसती." मग माझ्या मांडीवरच्या बाळाकडं बघून विचारलं, "हिला तिथं नेलं नव्हतं ना?"

नेणारच होते. पाच मिनिटांत नेणार होते.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. नवरा यार्डातनं तसाच आला होता, अंगावर धूळ. तो माझ्या पाया पडला. "तुमी व्हतासा म्हणून वाचली," म्हणाला. बोळातल्या बायकाही येऊन तेच म्हणून गेल्या, बाईंनी सख्ख्या आईसारखं केलं, आणि मी ते ऐकून घेतलं. दोन दिवस ऐकून घेतलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

ती घरी यायच्या आधी मी वर गेले. चादर काढली, चिंध्या काढल्या. त्याच माणसाला बोलावून गिझर गॅलरीत लावून घेतला. म्हटलं, माझ्या खर्चानं सगळं तपासा, त्यांच्या शेगडीची नळी, रेग्युलेटर, सगळं. नळी पाठीमागून तडकलेली निघाली. त्यानं ती काढून माझ्या हातात ठेवली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ती आली, बाळाला घेऊन पलंगावर टेकली. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "आधी माझं ऐक. जाळी मी बंद केली होती. त्या माणसानं नको सांगितलं होतं, तरी मी केली. मी तुला वाचवलं नाही, मीच मारत होते. घर सोडायचं असेल तर आजच सोडा, मी एका शब्दानं बोलणार नाही."

तिनं बाळाला पलंगावर निजवलं. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं की, चादर तुमीच लावल्याली."

"माहीत होतं?"

"दोनदा काडलीबी व्हती. आत जीव घाबरा व्हायचा. मग पुन्ना कोंबली, तशीच्या तशी. तुमाला कळलं तर वाईट वाटंल म्हणून." बाळाचं दुपटं सारखं करत ती हळूच म्हणाली, "आय गेल्यापासनं माज्यासाठी वारं कुणी अडवलं न्हवतं, अव्वा."

माझा असा संताप झाला. अगं भवाने, तोंड नव्हतं का तुला, असं म्हणायला गेले आणि मला रडूच फुटलं. तिच्या पायाशी बसून मी रडले, पेठेतली तापट बाई, लहान पोरासारखी. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि बाळ आमच्या दोघींच्या आवाजानं भेदरून रडत होतं.

ते तिघं अजून वरच राहतात. मी दर महिन्याला वर जाते, नळी बघते, जाळी बघते, मग तिला समोर बसवून विचारते, डोकं दुखतं का, जीव घाबरतो का. ती हसते, न्हाय म्हणते. मी उठत नाही. म्हणते, खरं सांग गं. वाईट वाटलं तर वाटू दे मला.