सहा माणसांसाठी लग्नाचा टोप

बायकांच्या हातच्या जेवणाशिवाय दोन दिवस रानात जगून दाखवायचं, अशी बाबांनी पैज लावली होती. युद्धाचे ब्लॅकआऊट नुकतेच संपले होते आणि भिवंडीतल्या आमच्या आळीत जो तो संकटात कसं तगायचं यावर अक्कल पाजळत होता. आई भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "तुमी? उपाशीच परत याल."

झालं. शुक्रवारी लूम बंद, म्हणून गुरुवारी दुपारीच निघायचं ठरलं. दिघाशीच्या रानात मुक्काम. बाबा, त्यांचे चार मित्र आणि कॉलेजात शिंगं फुटलेला मी. प्रश्न उरला भांड्यांचा.

मित्रांपैकी एक बँकेत कारकून होता. रानात भांडी हलकी, जर्मलची आणि एकात एक बसणारी हवीत, असं त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. नमुना म्हणून त्याने दांड्याची एक इवलीशी पातेली आणली. बाबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मांजर पन येतंय काय संगती?"

खरी गोची वेगळीच होती. आमच्याकडचे पुरुष स्वयंपाक करतात तो फक्त लग्नात. त्यात बाबांचं नाव मोठं. दोनशे पानांच्या डाळीचं मीठ ते नुसत्या वासावरून सांगत. सहा माणसांना भात किती लागतो, हे मात्र त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा आईच्या फळीकडे न बघता ते थेट देवळात गेले, जिथे आळीची लग्नाची भांडी ठेवलेली असत, आणि कल्हईचा पितळी टोप, हातभर झारा आणि परात घेऊन आले. त्या टोपात कारकून मांडी घालून बसला असता.

एस.टी.च्या टपावर टोप चढवताना कंडक्टरने विचारलं, "लग्न कुनाचं?"

"लग्न न्हाय. रानात राहायला चाललोय," बाबा म्हणाले. कंडक्टरने दोरी ओढून घंटी मारली.

रानात तीन धोंडे मांडून टोप चढवला. एका वेळचे तांदूळ टाकले तर बूडसुद्धा झाकेना. करपेल म्हणून बाबांनी दोन दिवसांचे तांदूळ ओतले, मग सगळी डाळही. खिचडी ठरली.

धूर वर गेला आणि गाव गोळा झालं. एवढा टोप चुलीवर म्हणजे कार्यच असणार. गुराखी आले, मोळीवाल्या बायका आल्या, म्हातारे आले आणि भिडेने लांब उभे राहिले. "एवढ्यांना कुठून पुरणार?" कारकून कुजबुजला.

"टोप मांडलाय आनि मानसांना जा म्हनू?" बाबा त्याच्यावर उखडले आणि मोठ्याने म्हणाले, "बसा."

पळसाच्या पानांवर पंगती उठल्या. बाबा झारा घेऊन आग्रह करत फिरत होते. आम्ही पाच जणांनी वाढता वाढता हळूच पोट भरून घेतलं. यजमान शेवटी जेवतो, म्हणून बाबांनी शिताला हात लावला नाही. शेवटी खरवड उरली, तीही एका म्हातारीने नातवासाठी मागून नेली.

सकाळच्या पहिल्या गाडीने परतलो. आई दारातच होती. ती काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "अर्धं गाव जेवलं. नाव ठेवायला जागा न्हाय."

"गावाचं न्हाय इचारत," आई म्हणाली. "तुमी जेवलात का?"

 बाबा पाट ओढून बसले. ती मुकाट्याने वाढत राहिली, आणि मला तिचा फार राग आला. एकदा तरी चिडवायचं होतं तिने. घास गिळणं त्यांना सोपं गेलं असतं.