कार्स्टनचे राजे आणि अण्णांचा मूळपुरुष

इथे ओमानमध्ये माबेल्याहून रुसैलच्या फॅक्टरीत जायला आम्ही चौघं एकाच गाडीतून निघतो. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये बोलण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही, त्यामुळे सीटखाली वाळू साठते तसे आमचे किस्से साठत जातात. कितीही झटका, थोडे उरतातच. गेल्या वर्षभरात मात्र आमच्या गाडीत नुसते डेन्मार्कचे राजे साठलेत.

गाडी दिलावरभाईंची. रत्नागिरीकडचे, फॅक्टरीचं स्टोअर सांभाळतात. त्यांच्या शेजारी मेंटेनन्समधला सावंत, कुडाळजवळच्या गावचा. मागे मी, लॅबमध्ये पाइप तपासणारी आणि गाडीत सगळ्यांच्या घरची चौकशी करणारी. माझ्या बाजूला कार्स्टन, नवीन मशीन बसवायला आलेला डॅनिश इंजिनिअर.

पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मला म्हणायचं होतं बायको, मुलं. हा बाबा थेट देवापासून सुरू झाला. आजोबांनी म्हणे घराच्या भिंतीवर वंशावळ रंगवली होती. सगळ्यात वर ओडिन देव, त्याखाली राजेच राजे आणि पार तळाशी कार्स्टन. त्यातला फ्योल्निर नावाचा राजा शेजारच्या देशातून डेन्मार्कला पाहुणा आला होता.

"मग?" दिलावरभाईंनी आदराने विचारलं.

"झोपेत उठला, पाय घसरला आणि मधाच्या दारूच्या पिंपात बुडून मेला."

दिलावरभाईंनी गाडीचा वेग कमी केला. "आमच्याकडे असा कोणी निघाला तर त्याचं नाव गाळतात. तुम्ही भिंतीवर काढलात?"

"हे सगळं खरं का रे?" मी विचारलं.

"वरचे बहुतेक खोटे," कार्स्टन शांतपणे म्हणाला. "पण आजोबा म्हणायचे, भिंत छान दिसते, पुसायची कशाला."

*

सावंत त्या दिवशी हसला नाही. त्याच्या घरी वंशाचंच दुखणं चालू होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. त्याने आणि वैशालीने भारतातून मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. पण गावी अण्णा, म्हणजे सावंतचे वडील, अडून बसले होते. त्यांच्या घराण्याच्या मूळपुरुषाची पूजा अण्णांकडे. रोज सकाळी सावंत गाडीतूनच फोन लावायचा आणि रोज स्पीकरवर तेच ऐकू यायचं.

"ता चेडू कोणाचा? मूळपुरुषाक मी काय सांगू?" चेडू म्हणजे मुलगी.

वैशालीचंही एक होतं. अण्णांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय ती मुलीला आणणार नव्हती. "दर मे महिन्यात गावाला जाणार आणि तिथे माझ्या पोरीला कोणाची कोणाची विचारणार," ती म्हणायची. "मला नाही सहन व्हायचं."

*

एकदा आमचे अर्बाब, म्हणजे फॅक्टरीचे ओमानी मालक, प्लांटवर आले. कहवा आणि खजूर झाल्यावर त्यांनी कार्स्टनला विचारलं, "कोणाचा मुलगा?" ओमानी माणसाला नुसतं नाव सांगून भागत नाही. अर्बाबनी आधी स्वतःचे बाप, आजे, पणजे घडाघडा सांगितले, बिन अमुक, बिन तमुक. मग कार्स्टनला चेव आला. तो स्वतःपासून निघाला तो ओडिनपर्यंत पोचूनच थांबला.

अर्बाबनी सगळं मन लावून ऐकलं. मग फर्मास हिंदीत म्हणाले, "माशाल्ला, इतने बाप हैं. मशीन कब चालू होगी?"

*

दिलावरभाईंच्या घरात पूर्वीपासून सांगत आलेत, मूळ पुरुष अरबस्तानातून गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागला. कार्स्टनचे राजे ऐकून त्यांना आपलंही काही सांगावंसं वाटायला लागलं. मालाच्या कामाला सहम नावाच्या गावाला गेले होते, तिथे समुद्राकाठी एक म्हातारा जाळं विणत बसलेला दिसला. दिलावरभाई त्याला म्हणाले, "आमचा पूर्वज बहुधा इकडूनच गेला."

म्हाताऱ्याने जाळ्यातून मान वर केली. "मग परत यायला इतका उशीर का केलास? चल, जेवायला बस."

मासा उत्तम होता, म्हणाले.

*

एका शुक्रवारी सावंतकडे जेवायला होतो. कार्स्टनने आउन राजाची गोष्ट काढली. या राजाला मरायचं नव्हतं. म्हणून तो एकामागून एक आपले मुलगे ओडिनला बळी देत गेला आणि आयुष्य वाढवून घेत गेला. शेवटी इतका म्हातारा झाला की अंथरुणावर पडून तान्ह्या बाळासारखा बैलाच्या पोकळ शिंगातून दूध पीत असे.

वैशाली सोलकढी वाढत होती. "पोरंसुद्धा असल्यांनाच होतात," ती म्हणाली आणि भांडं तिथेच ठेवून आत गेली.

कार्स्टनला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी सांगितलं. त्यानंतर त्याने आउनचं नाव काढलं नाही.

*

पुढची गोष्ट हाराल्डची. हा नॉर्वेचा, "आमचा नव्हे, शेजारचा," कार्स्टनने आधीच बजावलं. सगळा देश जिंकेपर्यंत केसांना कंगवा लावणार नाही, अशी शपथ त्याने घेतली आणि पाळली.

त्यानंतर सावंतची दाढी वाढायला लागली. आधी वाटलं आळस. मग ती छातीकडे निघाली. दिलावरभाई म्हणाले, "अरे, माझ्यापेक्षा तूच जास्त हाजी दिसतोस."

"अण्णा हो म्हणेपर्यंत," सावंत एवढंच बोलला. मी म्हटलं, अरे, तो नॉर्वेचा राजा, तुझा कोण? तर म्हणाला, "कोणाचा का असेना. नवस लागू पडला म्हणजे झालं."

*

आणि थंडीत अण्णा व्हिजिट व्हिसावर आले. दत्तक देणाऱ्या संस्थेकडून मुलीचा फोटो आलेला होता, आठवड्यात होकार कळवायचा होता. अण्णांनी फोटो पाहिला, उलटा ठेवला आणि चहा मागितला.

शुक्रवारी आम्ही सगळे सीबच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या. अण्णांना कार्स्टनबद्दल भारी कुतूहल. मला म्हणाले, "ह्याका इचार, ह्यांच्या राजांचो मूळपुरुष कोण?"

मी इंग्रजीत विचारलं. कार्स्टनने एका होडीवर हात ठेवला. "शोल्ड. त्याच्यापासून डेन्मार्कचे राजे. पण त्याच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणते, तो ओडिनचा मुलगा. दुसरी म्हणते, एक होडी किनाऱ्याला लागली, आत एकटं तान्हं बाळ. कोणाचं, कुठलं, कोणालाच कळलं नाही. लोकांनी उचललं, वाढवलं, राजा केलं."

मी मराठीत सांगितलं. सावंत वाळूकडे बघत होता. वैशालीने माझा हात धरला होता आणि तो दुखत होता.

अण्णांनी होडीत वाकून पाहिलं. आत दोरखंड आणि एक फुटकी बादली होती. मग म्हणाले, "म्हणजे कोणाचो ता म्हायत नाय, म्हणान देवाचो म्हटल्यानी."

कार्स्टनला मी ते इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, असेल, तसंच असेल.

परत निघालो. माबेल्याच्या सिग्नलला अण्णांनी मागच्या सीटवरून हात लांब करून सावंतच्या खांद्यावर टिचकी मारली.

"ती दाढी काढ आधी. चेडू घाबरात."