कोरडी जाळी

सलग पाचवा रिपोर्ट माझ्या टेबलावर होता आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच मला तो आवडला नाही.

रिपोर्ट एका कॉलनीच्या प्लान्टचा होता. तीनशे घरांचं सांडपाणी तिथे शुद्ध करायचं आणि ते कॉलनीच्या बागेला द्यायचं, एवढंच त्या प्लान्टचं काम. बीओडी कधी तीन, कधी चार. बीओडी म्हणजे पाण्यात उरलेली घाण खायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा आकडा. दहाच्या आत आला तरी आम्ही खूश असतो. पण नीट चालणाऱ्या प्लान्टचाही आकडा हलतो. दिवाळीत घरोघरी तळण होतं तेव्हा चढतो, वीज गेली की चढतो. हा हलतच नव्हता.

त्या वर्षी आमच्या खात्यांचं एकत्रीकरण चाललं होतं. पाणी, सीवर म्हणजे गटारं, आणि उद्यान अशी तीन ऑफिसं मिळून इंदरगंजला एक सेल झाला. बिल्डरांनी बांधलेले छोटे प्लान्ट त्या सेलकडे यायचे होते. कुठले ठेवायचे आणि कुठले बंद करायचे त्याची यादी निघणार होती. ठेवलेल्या प्लान्टचे ऑपरेटर कायम, बाकीचे घरी. मी लॅबची केमिस्ट, त्यामुळे यादीखाली माझी सही लागणार होती.

आमचे नवे साहेब, तोमर, यांना मी शंका सांगितली. त्यांनी रिपोर्ट वरखाली करून पाहिला.

"मॅडम, रिपोर्ट अच्छी है. आपको तकलीफ क्या है?"

"अच्छी है, यही तकलीफ है, सर."

ते हसले नाहीत. "शुक्रवार को लिस्ट जानी है," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, ऑपरेटर नळाचं पाणी बाटलीत भरून पाठवतो. हा जुना प्रकार आहे. म्हणून सोमवारी दुपारी न कळवता गेले आणि बाटल्या स्वतः नेल्या.

ऑपरेटर साठीकडे झुकलेले होते, अंगावर इस्त्रीचा खाकी शर्ट. नाव बाबूराव जाधव. बिर्लानगरच्या मिलमध्ये पंपावर होते, मिल बंद पडल्यावर बरीच वर्षं मिळेल ते काम केलं, मग इथे लागले. माझं मराठी आडनाव ऐकून त्यांनी खुर्ची पुसली.

"देशपांडे म्हणजे गोरखीकडचे का?"

"हो. सँपल घ्यायचंय, काका."

"घ्या न, ताई. हा काय नळ."

प्लान्ट बागेखाली होता. वर गवत, लोखंडी झाकणं आणि पंपाची खोली, बाकी सगळं जमिनीच्या पोटात. खोलीतून ब्लोअरचा, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता. शुद्ध पाण्याच्या नळातून मी दोन बाटल्या भरल्या. पाणी काचेसारखं होतं. मग म्हटलं, सांडपाणी आत येतं ते झाकण उघडा.

"ते फार जड आहे, ताई. दोन माणसं लागतात. आज मी अकेला आहे."

हे बोलताना ते माझ्याकडे न बघता झाकणाकडे बघत होते.

तेवढ्यात कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "मॅडम, इस प्लान्ट को बंद मत करना. पहले बहुत बदबू आती थी, अब बिलकुल नहीं." माझा संशय आणखी वाढला. सांडपाण्याचा प्लान्ट कितीही चांगला चालवला तरी थोडा वास येतोच.

लॅबमध्ये बाटलीतल्या पाण्याचा बीओडी पाहण्यात अर्थ नव्हता. त्या तपासणीला पाच दिवस लागतात, आणि तो चांगलाच येणार हे मला माहीत होतं. मी मीठ तपासलं. हे अर्ध्या तासात होतं. माणसाच्या लघवीत, भांडी घासलेल्या पाण्यात मीठ असतं. आमचे प्लान्ट घाण काढतात, मीठ काढत नाहीत. म्हणजे कॉलनीच्या बोअरच्या पाण्यात जेवढं मीठ असेल त्यापेक्षा प्लान्टमधून निघणाऱ्या पाण्यात ते जास्तच हवं. मी बोअरचं पाणीही आणलं होतं. दोन्ही आकडे सारखे आले. पुन्हा केलं. पुन्हा सारखेच.

त्या नळातून येणारं पाणी कुणाच्या मोरीतून आलेलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेसातला सीवरचे दोन कामगार आणि पहारी घेऊन गेले. ही वेळ मुद्दाम निवडली. घरोघरी आंघोळी चालू असतात, सांडपाणी सगळ्यात जास्त तेव्हाच येतं. मला बघून जाधवकाका उभे राहिले.

झाकण निघालं. आत पाण्याचा थेंब नव्हता. कचरा अडवायला लावलेल्या लोखंडी जाळीवर कोळ्यानं आपलं जाळं विणलं होतं. पुढच्या टाकीत बोअरचा पाइप सोडलेला होता. तेच पाणी ब्लोअरच्या हवेत घुसळून बागेला जात होतं.

"कधीपासून, काका?"

"आठ महिने झाले. रस्ता खोदला, नवी सीवर टाकली, दुसऱ्या दिवसापासून इथे येणं बंद."

"आणि तुम्ही हे नाटक चालवलंत?"

"कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, चालू दिसायला पाहिजे, वरना प्लान्ट चालवायचं कंपनीचं काम जाईल. मी अर्जी दिली होती ताई, सीवरच्या ऑफिसात. कोणी आलं नाही."

मी विश्वास ठेवला नाही, आणि तोंडावर तसं म्हटलंही. "पकडले गेल्यावर सगळ्यांचे अर्ज निघतात."

त्यांचा चेहरा पडला. "मिल बंद झाली तेव्हाही आम्हालाच विचारत होते, काय केलं म्हणून," एवढं म्हणाले आणि ब्लोअर बंद करून आले. तो आवाज थांबल्यावर बाग एकदम शांत झाली.

आता प्रश्न होता की तीनशे घरांचं पाणी जातं कुठे. त्यासाठी साधा उपाय असतो. कॉलनीच्या मॅनहोलमध्ये हिरवा रंग टाकायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं. नव्या सीवरमध्ये पुढे निघायला हवा होता. तिथे एक कामगार उभा केला, काही दिसलं नाही. दुसऱ्याचा फोन कॉलनीमागच्या नाल्यावरून आला. "मॅडम, नाला हरा हो गया."

नवी सीवर कॉलनीला जोडलेलीच नव्हती. रस्ता खोदणाऱ्या ठेकेदारानं प्लान्टकडे येणारी जुनी लाइन तोडून तिचं तोंड नाल्यात सोडलं होतं आणि काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलं होतं. वास बागेतून गेला होता, कारण घाण मागच्या वस्तीकडे गेली होती. तिथल्या बायका म्हणाल्या, आम्ही कितीदा सांगितलं, सगळे म्हणतात प्लान्ट तर चांगला चालू आहे.

दुपारी मी जुन्या सीवर ऑफिसचे गठ्ठे काढले. एकत्रीकरणात ते बांधून आणले होते आणि जिन्याखाली तसेच पडले होते. तिसऱ्या गठ्ठ्यात कागद सापडला. हिंदीत तीन ओळी. प्लान्ट में पानी आना बंद है, कृपया देखें. खाली बाबूराव जाधव, वर आमचाच आवकचा शिक्का.

मी तो तोमर साहेबांपुढे ठेवला. त्यांना सोपा मार्ग दिसला. "प्लान्ट बंद दिखा दो. ऑपरेटर की छुट्टी."

"सर, फिर ये कागज भी लगाना पड़ेगा. ठप्पा हमारा है."

त्यांनी कागद जवळ ओढून शिक्क्यावरची तारीख पाहिली. मग म्हणाले, "लाइन जुड़वाइए."

लाइन पुन्हा प्लान्टला जोडायला दहा दिवस लागले. प्लान्ट जिवंत व्हायला आणखी तीन आठवडे, कारण घाण खाणारे जंतूच आत उरले नव्हते. दुसऱ्या प्लान्टमधून टँकरभर गाळ आणून टाकला, दुधाला विरजण लावतात तसा. पहिला रिपोर्ट वाईट आला. बीओडी अठ्ठावीस. त्यावर मी बिनधास्त सही केली.

शुक्रवारी गेलेल्या यादीत प्लान्ट राहिला होता. जाधवकाकाही राहिले, पण बोअरचं पाणी सोडल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. सुपरवायझरला काही झालं नाही. कंपनीनं त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं.

मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, ताई." पण पुढच्या महिन्यात सँपल घ्यायला गेले तर त्यांनी माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या.

"एक तुमची, एक माझी. दोन्हीवर सही करा."

"तुमची कशाला?"

"लॅबमध्ये काही गडबड झाली तर? माझ्याकडे असलेली बरी."

मी सही केली. राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता. पुढच्या मीटिंगमध्ये मी तोच नियम सगळ्या छोट्या प्लान्टना लावून घेतला. दोन बाटल्या, दोघांच्या सह्या, एक ऑपरेटरकडे. संशय घ्यायचाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे.