वैद्यांची रिकामी जागा

"ऊठ. इथं वैद्य बसतात."

स्टाफमधले वैद्य रजेवर होते. कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळच्या त्यांच्या जागेवर मी बसले होते. मी उठले. दोन्ही बाजूंच्या सीटांच्या मधे खाली बारदान अंथरलेलं होतं, त्यावर आमच्या लाइनवरच्या बायका बसल्या होत्या. मीही बसले. मला उठवणाऱ्या स्टोअरच्या साहेबांनी वैद्यांच्या सीटवरचा नॅपकिन उचलला, झटकला, घडी घालून परत ठेवला. धारपासून पिथमपूरपर्यंत त्या जागेवर तो नॅपकिन बसून गेला. मी खाली.

संप चालू होता. बसवाले, ट्रकवाले, सगळे ड्रायव्हर लोक. अपघात झाला तर ड्रायव्हरला जबर शिक्षा, असा कायदा येणार म्हणून चाकं थांबली होती. धारच्या स्टँडवर बसेस ओळीनं उभ्या आणि ड्रायव्हर शेकोटीभोवती बसलेले. त्यात माझा नवराही होता. तो धार-इंदूर गाडी चालवतो. ज्यांना दवाखान्यात जायचं होतं, परीक्षेला जायचं होतं, ते स्टँडवर येऊन त्या ओळीकडे बघून परत जात होते. रिक्षावाले तोंडाला येईल ते मागत होते. घरात एकाचं चाक थांबलेलं, म्हणून माझं थांबून भागणार नव्हतं.

मी पिथमपूरच्या एका औषध कंपनीत ठेक्यावर होते. गोळ्यांची पाकिटं डब्यात भरायची. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हात तीनतीनदा धुतलेले. माझ्या हातून गेलेल्या गोळ्या कुणाकुणाच्या पोटात जातात ते देवाला ठाऊक. ठेकेदारानं फोनवर बजावलं होतं, जी संपाच्या नावानं घरी बसेल तिनं पुन्हा गेटवर यायचं नाही. एरवी आम्ही साध्या बसनं जायचो. स्टाफची बस वेगळी, कंपनीची. तिचा ड्रायव्हर पगारी, तो संपात नव्हता. माल अडायला नको म्हणून कंपनीनं सांगितलं, संप मिटेपर्यंत ठेक्यावरच्या बायकांनाही याच बसनं आणा. आणा म्हटलं होतं. बसवा कुठं ते म्हटलं नव्हतं. ते स्टाफनं ठरवलं.

स्टाफ बसमध्ये ज्याची त्याची जागा असते. कुठं लिहिलेलं नाही, पण असते. माणूस रजेवर असो, आजारी असो, त्याच्या जागेवर दुसरा टेकत नाही. कुणी रिटायर झाला की मगच ती जागा पुढच्याला मिळते. त्या दिवशी मी मोजल्या नाहीत, पण रिकाम्या जागा बऱ्याच होत्या.

मग मी वैद्यांच्या जागेवर पोचले कशी? मराठीमुळे.

स्टोअरचे साहेब दारात उभे राहून बायकांना हिंदीत सांगत होते, "चलो, नीचे बैठो, पीछे तक सरको." ते वाटेतच उभे होते. मी म्हटलं, "साहेब, अंमळ वाट द्याल का?"

साहेबांचा चेहरा उजळला. "अंमळ! अहो, हा शब्द आमच्या आजीनंतर आजच ऐकला. आमच्या चिरंजीवांना मराठी पाटीसुद्धा धड वाचता येत नाही. तुम्ही खाली कुठं बसता? या, इथं बसा."

आणि बसमधल्या बाकीच्यांना म्हणाले, "आपल्यातल्या आहेत."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खाली सोरमबाई बसली होती. ती रोज माझ्याशेजारी पाकिटं भरते. ती खाली आणि मी वर, तरी मला बरं वाटलं.

"माहेर कुठलं?"

"देवास."

"वा! आमची मावशी देवासची. आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

ते अंमळ माझ्याकडे आलं कुठून, तेही सांगते. पणजोबांना एका अंमलदारानं दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, देवासला आणलं होतं, पागेत मोतद्दार म्हणून. घोड्यांची लीद काढायला. पणजी त्याच्या वाड्याचं अंगण झाडायची. ओसरीवर तिला मज्जाव होता, पण ओसरीवरचं बोलणं अंगणात ऐकू यायचंच. ते तिनं उचललं, आजीला दिलं, आजीनं मला. साहेबांच्या आजीचा शब्द माझ्या तोंडी असा आला.

माळव्यातल्या हिंदी लोकांना आपण सगळे एकच वाटतो. मराठी म्हणजे पोहे, श्रीखंड आणि गणपती. आमची आडनावं त्यांना कळत नाहीत. सोरमबाई मला ताई म्हणायची, माझ्या डब्यातली भाजी घ्यायची. शाळेत मास्तर मला पंडिताइन म्हणून चिडवायचे आणि मी हसायचे. आडनावावरून आम्हाला ओळखतात ते फक्त आमची भाषा बोलणारे.

साहेबांनी ओळखलं. मग म्हणाले, "ऊठ. इथं वैद्य बसतात." घटकेपूर्वी मी अहो होते.

सोरमबाईनं बारदानावर सरकून जागा केली. "कईं हुयो, ताई? अबी तो बिठाड्यो थो."

"कुछ नहीं," मी म्हटलं.

दिवसभर मी पाकिटं भरली. रडू आलं नाही, रागही आला नाही. दाढ काढताना सुई देतात, तसं सगळं अंग झालं होतं. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या जाऊ नको." मी म्हटलं, "गेट बंद होईल." जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बस. मी चढले, वैद्यांच्या जागेपाशी गेले, नॅपकिन उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि बसले. मोठं धैर्य आलं होतं असं कुणी समजू नये. खाली बसायला गुडघे वाकेनात, एवढंच.

साहेब आले. "काल सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"वैद्य आले की उठीन."

"प्रश्न जागेचा नाही. शिस्तीचा आहे."

"मग खाली बसवायचं कारण सांगा. इथं, सगळ्यांसमोर."

साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, ही उठेपर्यंत गाडी थांबव. घाटाबिल्लोदच्या पुढं बस रस्त्याकडेला उभी राहिली. बाहेर संपावरच्या ट्रकांची रांग. आत सगळे घड्याळाकडे बघत होते. सोरमबाईनं खालून माझा पदर ओढला. "उतर जा, ताई. काम जातो रेगो." मी उठले नाही. शेवटी लॅबच्या एक बाई कंटाळून म्हणाल्या, "साहेब, चलू द्या ना. आमचा हजेरीचा पंच लेट लागेल." माझ्यासाठी नाही. पंचासाठी. गाडी सुटली.

गेटवर मला आत घेतलं नाही. ठेकेदार बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. बायकांसमोरच म्हणाला, "अरे ताई, काय को पंगा लिया? साब के घर चली जाओ, मराठी में दो बोल माफी के बोल दो. तुम मराठी लोग तो एक ही हो, आपस में निपटा लो."

तुम मराठी लोग तो एक ही हो. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले. कधी खोडलं नाही. त्याच्या आडोशाला बरं होतं, ऊन लागत नव्हतं.

मी म्हटलं, "हम एक नहीं हैं, भिया." आणि मी माझी जात सांगितली. नावानिशी, मोठ्यानं, गेटवरच्या गार्डलाही ऐकू जाईल अशी. पणजोबा लीद काढायचे तेही सांगितलं. साहेबांनी मला का उठवलं तेही.

सोरमबाईचा हात माझ्या खांद्यावर होता. तिनं तो काढून घेतला. हळूच, मला कळू नये असा. मला कळलं. मग हजेरीची वेळ झाली म्हणून त्या सगळ्या आत गेल्या, आणि मी हायवेनं धारकडे चालायला लागले. बस नव्हतीच.

पुढं संप मिटला. ड्रायव्हर लोकांना दिल्लीहून काहीतरी आश्वासन मिळालं. नवऱ्याची गाडी सुरू झाली. ठेकेदाराचे दोनदा फोन आले, माफीचं काय झालं म्हणून. माफी मी मागितली नाही. मागणार नाही. माफी मला येणं आहे, आणि ती आली तरी घ्यायची की नाही ते मी ठरवीन.

आता काम मागायला जाते तिथं आडनाव आधी सांगते, जात सांगते, आणि मग समोरची खुर्ची ओढून बसते. दोन ठिकाणी नाही म्हणाले. आणखी दहा ठिकाणी म्हणतील. मी बसून विचारीन, आणि कारण त्यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत उठणार नाही.